पंक्चर काढावे की टायर बदलावा?

प्रश्न लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच आम्ही तो या पानांवर घेत आहोत. नीतीचा विचार म्हटला की आपल्या मनासमोर मोठे विषय उभे राहतात. युद्ध, मृत्युदंड, भ्रष्टाचार, दयामरण. या विषयांवर आपण हिरिरीने बोलतो आणि बोलून झाल्यावर घरी जातो. कारण त्यांचा निर्णय बहुधा आपल्या हाती नसतो. ज्यांचा निर्णय सर्वस्वी आपल्या हाती असतो, ते प्रश्न मात्र आपण नीतीच्या वहीत मांडतच नाही. ते खर्चाच्या वहीत मांडतो. मोटारीच्या चाकाचे पंक्चर काढून घ्यावे की टायरच नवा घ्यावा, हा असाच एक प्रश्न. महामार्गाच्या कडेला पंक्चरवाला टायरवर पाणी ओततो, एका जागी बुडबुडे येऊ लागतात, तो मान वर करून विचारतो, "काढून देऊ, की नवा घालणार?" आपण कधी पाकीट चाचपून, तर कधी घड्याळ पाहून उत्तर देतो. त्या उत्तरात आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही काही वाटा असावा, असे त्या क्षणी आपल्याला वाटतही नाही.

तो वाटा आहे, आणि तो मोठा आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी एका सद्गुणाला त्याचा मान देणे आवश्यक आहे. तो सद्गुण म्हणजे काटकसर. आपल्या मागच्या पिढ्या दुरुस्तीवर जगल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गळक्या हंड्याला डाग दिला जाई, छत्रीला नवी काडी बसे, थोरल्याचे पुस्तक धाकट्याला जाई. चालू वस्तू टाकून देणे हे श्रीमंतीचे नव्हे, तर उद्दामपणाचे लक्षण मानले जाई. यात चिक्कूपणा नव्हता. प्रत्येक वस्तूमागे कुणाचे तरी श्रम आहेत, आणि ती फेकणे म्हणजे त्या श्रमांना पाठ दाखवणे होय, ही जाणीव त्यामागे होती. आज दुकानदार आणि जाहिराती मिळून आपल्याला या जाणिवेची लाज वाटायला लावतात. ती लाज वाटून घेण्याचे काही कारण नाही.

चाकाच्या बाबतीतही हीच रीत होती. वसईतली केळी, पाने आणि भाजीपाला बैलगाड्यांतून वाहिला जाई, ते दिवस आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असे तिला 'धाव' म्हणत. टायर या शब्दासाठी मराठीत इतका सुंदर शब्द असताना तो आपण विसरलो, ही खेदाची गोष्ट आहे. ही धाव तापवून चाकावर चढवत आणि पाणी ओतून थंड करत, म्हणजे ती आकसून लाकडाला घट्ट आवळून बसे. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली होई. मग कुणी चाक पाण्यात भिजत ठेवी, कुणी फटीत पाचर ठोकी, आणि अगदीच निभत नसेल तर लोहाराकडे जाई. एखादे वेळी पाचर निसटली, धाव गळून पडली, तर गाडी एका अंगाला कलंडे, बैल थांबत, गाडीवान चार शब्द बोलून खाली उतरे. नुकसान होई ते केळीच्या घडांचे आणि वेळेचे.

हवा भरलेले रबरी चाक आले ते नंतर. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असे टायर करून त्याचे पेटंट घेतले. त्या आरंभीच्या काळात टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की ते सोडवून, सांधून, पुन्हा चिकटवून डिंक वाळेपर्यंत थांबण्याखेरीज गत्यंतर नसे. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणाऱ्या टायरचे पेटंट घेतले, ते ही अडचण दूर करण्यासाठी. म्हणजे टायरच्या इतिहासातील हे एक मोठे पाऊल, पंक्चर काढणे सोपे व्हावे याच हेतूने पडलेले आहे. दुरुस्ती ही टायरच्या बाबतीत गरिबाची पळवाट नव्हे. ती त्याच्या रचनेतच गृहीत धरलेली आहे.

असे असूनही आमच्या वाडवडिलांची काटकसर जशीच्या तशी आजच्या मोटारीला लावता येत नाही, आणि याचे कारण एकच आहे: वेग. बैलगाडीचा वेग ताशी चार किलोमीटर धरला आणि मोटारीचा शंभर, तर वेग पंचवीसपट झाला. पण धावत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणजे तेवढ्याच वजनामागे ती सहाशे पंचवीसपट झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. या महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याला वाहने अडवून त्यांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. रस्ते नवे झाले, वेग नवा झाला, पण चाकाकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र पाचर ठोकणाऱ्या गाडीवानाचीच राहिली. त्या गाडीवानाची चूक त्याला खाली उतरायला लावी. आज तीच चूक समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या दारात जाऊन उभी राहते. सद्गुण तोच, पण त्याच्या चुकीची किंमत भरणारा माणूस बदलला. आणि किंमत भरणारा बदलला की कृतीचे नैतिक स्वरूपही बदलते.

आता प्रत्यक्ष टायरकडे वळू. कारण वस्तुस्थिती जाणून न घेता केलेला नीतीचा विचार हा निव्वळ शब्दांचा खेळ होतो. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत मजबूत धाग्यांचा सांगाडा, त्यावर नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे, आणि या सर्वांना धरून ठेवणारे रबर, अशी आजच्या मोटारीच्या टायरची रचना असते. रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो आणि त्याला पोलादाचा आधार असतो. बाजूचा भाग, ज्याला कारागीर साइडवॉल म्हणतात, पातळ असतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. मोटारीचे साधारण चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. मुंबईहून पुण्याला पोहोचेपर्यंत ती बाजू सत्तर-ऐंशी हजार वेळा वाकून सरळ झालेली असते. म्हणून नक्षीच्या मध्यभागी घुसलेला खिळा ही एक गोष्ट, आणि बाजूला गेलेली चीर ही अगदी दुसरी गोष्ट. बाहेरून पाहता दोहोंतून हवा सारखीच जाते.

या व्यवसायातील मान्य संकेत असे आहेत. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात पडलेले आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसलेले छिद्र दुरुस्त करता येते. नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवरची किंवा बाजूवरची जखम दुरुस्त करू नये. दुरुस्ती करताना टायर रिमवरून उतरवून आतून पाहावा, छिद्र रबराने भरावे आणि आतल्या अंगाने पॅच बसवावा. छत्रीच्या आकाराचा, मशरूम पॅच म्हणून ओळखला जाणारा तुकडा ही दोन्ही कामे करतो. रस्त्याच्या कडेला बाहेरूनच सळईने खुपसली जाणारी रबराची वात ही घरी पोहोचण्यापुरती सोय होय. तिने हवा थांबते. परंतु आत काय झाले आहे हे कुणी पाहिलेले नसते. जुन्या पॅचला लागून नवा पॅच येत असेल तर टायर बाद समजावा. हवा गेलेल्या चाकावर गाडी तशीच रेटली असेल तर बाजू आतून चुरडली गेलेली असते. बाहेरून टायर ठीक दिसतो, पण उतरवून पाहिले तर आत काळा भुगा सापडतो. छिद्र नीट बुजले नाही तर त्यातून पाणी शिरून पोलादी तारा गंजू लागतात. शिवाय टायरचे वय पाहावे. बाजूवर कोरलेले चार आकडे त्याचा जन्मकाळ सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षीची खोलीही पाहावी. मोटारीसाठी ती कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि ही मर्यादा दाखवणारे लहान उंचवटे खाचांमध्येच केलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे पंक्चर असो वा नसो, टायरचे आयुष्य संपले.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे प्रयोजन आहे. पंक्चर काढावे की टायर बदलावा, या प्रश्नाचे उत्तर पाकिटात नसते, घड्याळात नसते. ते जखमेत असते. जखम कुठे आहे, केवढी आहे, कितवी आहे, ती झाल्यावर आपण काय केले, आणि टायर किती म्हातारा आहे, एवढे पाहिले की दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर आपोआप समोर येते. तेव्हा येथील पहिले कर्तव्य दुरुस्तीचे नव्हे आणि खरेदीचेही नव्हे. पहिले कर्तव्य पाहण्याचे आहे. आणि आपण टाळतो ते नेमके हेच.

का टाळतो? या प्रश्नाचा अत्यंत मार्मिक विचार विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये लिहिलेल्या 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात केला आहे. त्याने एका जहाजमालकाचा दाखला घेतला. जहाज जुने होते, मुळातच फारसे चांगले बांधलेले नव्हते आणि त्याची वारंवार दुरुस्ती झालेली होती. परदेशी वस्तीला निघालेली कुटुंबे त्यातून जायची होती. मालकाच्या मनात शंका आली की जहाज पूर्णपणे तपासून घ्यावे; पण खर्च मोठा होता. मग त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळे पाहिली, याही वेळी येईल परत. होता होता त्याच्या मनातील शंका विरघळली आणि जहाज सुरक्षित आहे अशी त्याची अगदी प्रामाणिक खात्री पटली. जहाज समुद्रात बुडाले. मालकाने विम्याचे पैसे घेतले.

क्लिफर्डचे म्हणणे असे की हा माणूस त्या मृत्यूंचा दोषी आहे, आणि त्याची खात्री प्रामाणिक होती हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. कारण ती खात्री त्याने तपासून मिळवलेली नव्हती, शंका दडपून मिळवलेली होती. एवढ्यावर तो थांबत नाही. समजा, जहाज बुडाले नसते, सुखरूप पोहोचले असते, तर मालकाचा दोष कमी झाला असता काय? मुळीच नाही, असे त्याचे उत्तर आहे. दोष कृतीच्या क्षणीच घडून गेला. फक्त तो उघडकीस आला नसता. जहाजाच्या जागी टायर ठेवून पाहिल्यास हा दाखला आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. "गेल्या मे महिन्यात याच टायरवर गोव्याला जाऊन आलो," हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ते वाक्य टायरविषयी काहीच सांगत नाही. ते आपल्या नशिबाविषयी सांगते.

त्या जहाजमालकाने स्वतःची समजूत घालताना दैवी कृपेचाही आधार घेतला होता, हे आम्हां धर्मगुरूंनी विशेष ध्यानी घ्यावे. इतक्या निष्पाप कुटुंबांना परमेश्वर कसा अंतर देईल, असे त्याने मनाला सांगितले. आपल्या गाड्यांच्या आरशाला जपमाळ टांगलेली असते; प्रवाशांचा आश्रयदाता संत ख्रिस्तोफर याचे पदक पुढे चिकटवलेले असते. त्या भक्तीला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु जे पाहणे आपल्या हाती होते ते न पाहता परमेश्वरावर सोपवणे ही श्रद्धा नव्हे. ते आपले काम त्याच्या माथी मारणे होय.

आता उरतो तो खरा कठीण भाग. पाहिले, तपासले, तरीही संशय राहिला तर? छिद्र अगदी कडेजवळ आहे. एक कारागीर म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो नको. कुणाचे ऐकावे? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला एका जुन्या वादाचा अभ्यास करावा लागे. जाणत्या माणसांतच मतभेद असेल तेव्हा सामान्य माणसाने काय करावे, असा तो वाद. सालामांका येथील डोमिनिकन पंडित बार्तोलोमे दे मेदिना याने १५७७ मध्ये असे मत मांडले की ज्या मताला भक्कम आधार आहे ते अनुसरण्यास हरकत नाही, जरी विरुद्ध मताला अधिक आधार असला तरी. या मताचा पुढे इतका सैल वापर होऊ लागला की १६५६-५७ मध्ये पास्कालने आपल्या पत्रांतून त्याची जाहीर टर उडवली. पण त्या वादात एका मुद्द्याविषयी पुढे फारसे दुमत उरले नाही, आणि तो समजावण्यासाठी नीतिशास्त्रज्ञ एका शिकाऱ्याचा दाखला देत आले आहेत. झुडपात काहीतरी हलते आहे. ते हरीण असण्याचा संभव अधिक आहे. पण माणूसही असू शकेल. शिकाऱ्याने बंदूक चालवावी काय? उत्तर निःसंदिग्ध आहे: चालवू नये. नियम लागू आहे की नाही, एवढाच संशय असेल तर माणसाला मोकळीक आहे. पण दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथे अधिक सुरक्षित मार्गच धरला पाहिजे. तेथे शक्यतांचा हिशेब करण्याचा अधिकार आपला नाही, कारण पणाला लावलेली वस्तू आपली नाही.

कडेजवळचे ते संशयास्पद छिद्र म्हणजे हे हलणारे झुडूप होय. तपासूनही जेथे संशय राहतो तेथे टायर बदलावा, असा निर्वाळा आम्ही यावरून देतो. वाचलेला पैसा आपला असतो. धोका मात्र मागच्या आसनावर झोपलेल्या मुलाचा, रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेचा आणि समोरच्या मोटारसायकलस्वाराचा असतो. त्यांना कुणी विचारलेले नसते. ज्यांना विचारलेले नाही त्यांच्या वतीने उदार होण्याचा हक्क कुणालाच नाही.

यावर कुणी चतुर वाचक म्हणेल, "मग वाद कशाला? सुरक्षित मार्गच धरायचा तर प्रत्येक पंक्चरला नवा टायर घ्यावा." हा युक्तिवाद प्रामाणिक वाटला तरी आळशी आहे. योग्य जागी, योग्य रीतीने काढलेले पंक्चर हा असुरक्षित मार्ग नव्हेच. विमानांचे टायरसुद्धा झिजल्यावर पुनःपुन्हा नवी नक्षी चढवून वापरले जातात, आणि आपण त्यांत निर्धास्त बसतो. कारण प्रत्येक वेळी ते काटेकोरपणे तपासलेले असतात. दुरुस्ती आणि सुरक्षितता यांत वैर नाही. वैर आहे ते निष्काळजीपणा आणि सुरक्षितता यांत. शिवाय फेकून देण्याचीही किंमत कुणीतरी भरतच असतो. केरळातील मळ्यांत पहाटे अंधारात झाडांना चीर देऊन ज्याने चीक गोळा केला, त्याचे श्रम त्या टायरात आहेत. टाकलेला टायर कुजत नाही. तो परसात पडून राहिला तर त्यात पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना घर मिळते. जाळला तर त्याचा विषारी धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसांत जातो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टाकाऊ टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केले, ते ही समस्या मोठी झाल्यामुळेच. तेव्हा भीतीपोटी किंवा ऐटीपोटी चांगला टायर फेकणारा माणूस स्वतःला सावध म्हणवून घेत असेल, पण तोही पाहण्याचे कर्तव्य चुकवतच आहे. एक जण न पाहता ठेवतो, दुसरा न पाहता टाकतो. दोघांनीही जखम पाहिलेली नाही.

येथे आम्हांला आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. अन्यथा हे सारे विवेचन सुखवस्तूंचे होईल. भाड्याची गाडी चालवून संसार चालवणाऱ्या माणसाला एक नवा टायर म्हणजे घरातील शाळेची फी किंवा औषधे असू शकतात. तो संशयाचा टायर महिनाभर पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्या आणि ऐपत असून ढकलणाऱ्याच्या कृतीला एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. तरीही धोका गरिबीमुळे कमी होत नाही, हेही सत्य आहे. मग त्याने काय करावे? संपूर्ण उपाय हाती नसेल तेव्हा धोका लहान करण्याचे कर्तव्य तरी शिल्लक राहते. वेग कमी ठेवावा, गाडी भरून वाहू नये, दुपारच्या उन्हात लांबचा पल्ला टाळावा, हवेचा दाब नियमित पाहावा. आणि जेथे गाडी एकाची व स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती, तेथे निर्णयाचा भार मालकावर आहे. "अजून एक महिना काढ," असे जो मालक चालकाला सांगतो, त्याने तो महिना स्वतःच्या मुलांना त्याच गाडीतून शाळेत धाडावे. तसे करण्यास त्याचे मन धजत नसेल, तर उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे. मुलांना शाळेच्या गाडीतून धाडणाऱ्या आईवडिलांनीही महिन्याचे भाडे ठरवताना घासाघीस करावी, पण त्या चार चाकांकडे एकदा वाकून पाहावे. भाडे इतके पाडू नये की टायर घेणेच चालकाला अशक्य व्हावे.

निर्णय टाळण्याच्या आणखी दोन वाटा आपण शोधून काढल्या आहेत. पहिली म्हणजे स्टेपनी. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ मध्ये जादा चाकाचा जो धंदा सुरू झाला, त्यावरून आपल्याकडे हा शब्द रूढ झाला. जो टायर वापरवत नाही आणि टाकवतही नाही, तो आपण स्टेपनीला लावून डिकीत ठेवतो आणि विसरतो. म्हणजे सर्वांत दुबळे चाक आपण सर्वांत अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवतो: रात्र, पाऊस, घाट, आणि सोबत कुटुंब. ही तडजोड नव्हे. हा केवळ पुढे ढकललेला धोका आहे. दुसरी वाट अधिक गंभीर आहे. बाजू चिरलेला टायर आपल्याला नको म्हणून आपण काढतो आणि जुन्या टायरांच्या व्यापाऱ्याला शे-दोनशेला देतो. तो पुसून, रंगवून, कुण्या गरजू माणसाच्या गाडीला लागतो. आपल्या मुलांसाठी जो टायर धोक्याचा, तो दुसऱ्याच्या मुलांसाठी सुरक्षित कसा झाला? असा टायर देण्यापूर्वी तो सुरीने कापून पुन्हा वापरता येणार नाही असा करावा, आणि मगच भंगारात द्यावा. शे-दोनशे रुपये जातील. ते जाऊ द्यावेत. तीच गोष्ट गाडी विकतानाची. कोणते चाक कधी आणि कसे दुरुस्त झाले आहे, हे विकत घेणाऱ्याने विचारले नाही तरी सांगावे.

सल्ला देणाऱ्यांविषयीही दोन शब्द. नवे टायर विकणाऱ्याचा लाभ 'बदला' म्हणण्यात आहे, आणि पंक्चर काढणाऱ्याचा 'चालेल' म्हणण्यात. दोघेही अप्रामाणिकच असतात असे मुळीच नाही. ग्राहक गमावून "हा टायर मी शिवणार नाही" असे सांगणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांला अपार आदर आहे. पण ज्याच्या उत्तरात त्याचा लाभ गुंतलेला आहे, त्याला "काय करू?" असे विचारण्याऐवजी "मला दाखवा" असे म्हणणे शहाणपणाचे. टायर उतरवायला सांगावे, आत हात फिरवावा, छिद्राची जागा डोळ्यांनी पाहावी. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. एखाद्याच्या जिवासाठी तेवढा वेळ फार नव्हे.

येथवर आल्यावर एखादा प्रवचनकार या पंक्चरचा दृष्टान्त करील, आणि मोडलेले विवाह, दुरावलेली भावंडे, बिनसलेल्या संस्था यांना तो लावू पाहील. आम्हांला तो मोह आवरलेला बरा वाटतो. टायर बदलता येतो. माणूस बदलून दुसरा आणता येत नाही. टायरच्या बाबतीत संशय आला तर तो काढून टाकणे हे कर्तव्य. माणसाच्या बाबतीत संशय आला तरी त्याला धरून राहणे हे बहुधा कर्तव्य. वस्तूंना माणसांसारखे जपणारे आणि माणसांना वस्तूंसारखे टाकणारे जग आपण पाहतोच आहोत. त्या गोंधळात आम्ही भर घालू इच्छित नाही. टायर हा टायरच राहू द्यावा.

तात्पर्य थोडक्यात असे. आधी पाहावे. नक्षीच्या मधोमध, लहान आणि स्वच्छ छिद्र असेल, टायर वयाने व नक्षीने धड असेल, तर ते आतून नीट दुरुस्त करून घ्यावे आणि निःशंक मनाने वापरावे. नवा टायर घेतला नाही म्हणून कुणापुढे ओशाळू नये. जखम कडेला वा बाजूला असेल, टायर आतून चुरडलेला असेल, किंवा पाहूनही संशय उरत असेल, तर तो बदलावा, आणि जुना कुणाच्याही गाडीला पुन्हा लागणार नाही अशी व्यवस्था करावी. पैशाची अडचण खरी असेल तर बदलेपर्यंत वेग आणि पल्ला कमी करावा. आणि प्रवास निर्विघ्न पार पडला म्हणून आपला निर्णय योग्य होता, असे समजू नये. सुखरूप पोहोचणे ही कृपा आहे; निघण्यापूर्वी चाक पाहिले होते की नाही, याचा जाब त्यातून चुकत नाही.